फाटकावरचे आवाज : ‘अ‍ॅनिमल’च्या आधी आणि नंतर

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

ठरलं एकदाचं. ‘अ‍ॅनिमल’ १ डिसेंबरला लागतोय. तो लागायच्या आधी आणि लागल्यावर, असे दोन्ही वेळचे कोल्हापुरातल्या प्रेक्षकांचे आवाज गोळा करायचे, त्यातून वीस-पंचवीस मिनिटांचा ध्वनिपट बांधायचा आणि आमच्या फिल्म सोसायटीच्या बैठकीत ऐकवायचा. कॅमेरा नाही. कॅमेरा दिसला की माणूस आधी केस नीट करतो आणि मग बोलतोही तसाच, नीट विंचरून.

हाच सिनेमा का, असं सोसायटीतल्या दोघांनी विचारलं. एक तर इतकी वाट बघायला लावलेला हिंदी सिनेमा अलीकडं दुसरा आठवत नाही. आधी ११ ऑगस्टला येणार होता, पुढं गेला. त्या तारखेला ‘गदर २’ आणि ‘ओएमजी २’ येऊन गेले. जूनमध्ये कुऱ्हाडीची ती पहिली झलक, मग २८ सप्टेंबरला रणबीर कपूरच्या वाढदिवशी टीझर. दुसरं म्हणजे दिग्दर्शक संदीप रेड्डी वांगा. ‘अर्जुन रेड्डी’ (२०१७) आणि ‘कबीर सिंग’ (२०१९) यांच्यावरून घराघरांत वाद झालेत. म्हणजे तिकीट काढायच्या आधीच लोकांनी बाजू घेतलेली आहे. ती बाजू सिनेमा बघून बाहेर येईपर्यंत टिकते का, एवढंच मला ऐकायचं आहे.

माणसं तीन : मी, माझी मावसबहीण (रेकॉर्डर आणि हेडफोन तिच्याकडं) आणि तिच्या कॉलेजातला एक मित्र. तो संमतीचे कागद भरून घेणार. प्रत्येक बोलणाऱ्याचा फोन नंबर कागदावर घ्यायचा, नाव ध्वनिपटात कुणाचंच घ्यायचं नाही. आपला आवाज नको असं नंतर कुणाला वाटलं तर तो काढून टाकायचा, हे बोलणाऱ्याला आधीच सांगायचं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आज ट्रेलर आला आणि आजच ऊसदरासाठी शिरोली पुलापाशी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला गेला. मावसबहीण पलीकडच्या बाजूला अडकली. रेकॉर्डर तिच्या पिशवीतच होता, म्हणून पहिलं ध्वनिमुद्रण थिएटरच्या फाटकावर न होता महामार्गावर झालं.

संध्याकाळी ऐकलं. मागं घोषणा चालल्या आहेत, मधेच ट्रकचं दार आपटतं, आणि चार-पाच पोरं एका मोबाइलभोवती. ३ मिनिटं ३२ सेकंदांचा ट्रेलर त्यांनी ओळीनं तीनदा लावला. सुरुवातीला रणबीर बापाला सांगतो की तू मी हो, मी तू होतो. तिथं तिन्ही वेळा पोरं गप्प झालेली ऐकू येतात. गोळ्या सुटल्या की परत कालवा. एकजण म्हणतो, “आमचा म्हातारा बघ तिकडं बसलाय रस्त्यावर. सकाळधरनं चहा न्हाई घेतला त्येनं.” दुसरा म्हणतो, “मग नेऊन दे की.” बस, एवढंच. पाय वाजतात आणि आवाज लांब जातो.

हे आम्ही काही विचारून मिळवलेलं नाही. मला वाटतं, ध्वनिपटाची सुरुवात इथून करावी.

२६ नोव्हेंबर, रविवार

मंगळवार पेठेत एका जुन्या पोस्टर पेंटर काकांकडं गेलो. वय ऐंशीच्या पुढं. फ्लेक्स आला तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला, पण हात अजून तसेच आहेत. बोलताना बोटानं हवेत चेहऱ्याची कडा ओढतात.

मी त्यांना विचारलं, पडद्यावर इतकं रक्त आजच दाखवायला लागलेत का? ते थेट ‘सैरंध्री’वर गेले. १९२०. बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर, या आपल्या गावात काढलेला मूकपट. भीमानं केलेला कीचकाचा वध त्यात इतका खरा वाटेल असा दाखवला होता की सेन्सॉरची अडचण उभी राहिली. हिंदुस्थानात सेन्सॉर बोर्डं सुरू झाली तीही त्याच वर्षी. आणि त्याच कामावर खूश होऊन लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटलं.

“रक्ताला कोल्हापूर कधी बिचकलं न्हाई,” काका म्हणाले. “पण कीचक मेला तो कशापायी? बाईच्या अंगावर हात टाकला म्हणून. बघणाऱ्याला ते ठावं होतं. तुमच्या ह्या पिक्चरात कोण कशापायी मरतंय, ते बघून या आणि मला सांगा.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पूर्वी थिएटरला बायकांची तिकीटखिडकी वेगळी असायची, बसायची जागाही वेगळी. पुरुष कुठं हसतात आणि बायका कुठं हसतात, हे डोअरकीपरला अंधारात उभ्या उभ्या कळायचं.

घरी येताना डोक्यात हेच घोळत होतं. आमच्या प्रश्नांत कुठंतरी कमी आहे असं वाटतंय, पण काय ते सापडत नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

रंकाळ्यावर चाचणी. वाऱ्यानं सगळं फुर्रफुर्र. माइकला फोमच्या टोपीवर आणखी एक केसाळ टोपी चढवली, मग जमलं. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा हनुवटीखाली धरायचा. समोर धरला की प फ ब सगळे फुटतात.

३० नोव्हेंबर, गुरुवार

बुकिंगच्या रांगेत दोन तास. सिनेमा २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. मध्यंतर आणि सफाई धरली की एक खेळ चार तासांना जाऊन भिडतो. बारा-तीन-सहा-नऊ हे वेळापत्रक आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, ते या सिनेमानं मोडलंय. रांगेतल्या एका बाईंनी हिशेब करून सांगितलं, “नवाला बसलं तर एक वाजतो बाहेर पडायला. केएमटी (शहर बस) कुठली तवा? रिक्षाच.” आणि तरीही त्यांनी नवाचीच तिकिटं काढली, कारण नवऱ्याची पाळी आठला सुटते.

‘कशासाठी बघणार’ या प्रश्नाला आज आलेली उत्तरं : रणबीर. बॉबी देओल. ‘अर्जन वैली’ गाणं. बाप-लेकाची गोष्ट. मारामारी. एक मुलगी म्हणाली, “मी बघणार न्हवतो, पण सगळा ग्रुप चाललाय.” कोल्हापूरच्या पोरी, मीही त्यातलीच, ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, हे बाहेरच्यांना चुकीचं वाटतं. ध्वनिपटात ते जसंच्या तसं राहणार.

१ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी खरी कॉर्नरवरून गेलो. आज बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेचा दिवस, १ डिसेंबर १९१७. तिथल्या कॅमेऱ्याच्या स्तंभाला नमस्कार करून मग थिएटर गाठलं. याच तारखेला हा सिनेमा लागावा, हा नुसता योग. पण मला बरं वाटलं.

फाटकावर पहिला गोंधळ वयाचा. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र, म्हणजे अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही. डोअरकीपर आधार कार्ड बघत होता. अकरावी-बारावीतली सात-आठ पोरं परत फिरली. त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, “घरात मोबाइलवर सगळं चालतंय, हितं मात्र आम्ही बारकं.” त्याचा आवाज वापरणार नाही. अठराच्या आतल्याची संमती पालकांकडून हवी.

आत शिरताना रेकॉर्डर बंद करून पिशवीत, पिशवी मॅनेजरच्या खोलीत. चालू सिनेमाचं ध्वनिमुद्रण हा गुन्हा आहे, आणि यंदाच्या सुधारित कायद्यानं त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. म्हणून आतलं जे लिहितोय ते आठवणीतून.

मध्यंतराच्या आधीचा भाग थिएटरनं डोक्यावर घेतला. त्यातही एक क्षण आपला, इथला. उपेंद्र लिमये पडद्यावर आले आणि ‘डॉल्बीवाल्या’ वाजायला लागलं. अजय-अतुलचं, ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधलं, इथल्या प्रत्येक मिरवणुकीत वाजलेलं. लोक खुर्चीवर उभे राहिले. दिल्लीतल्या पोलादवाल्या घराण्याची गोष्ट, पंजाबातले चुलतभाऊ, तेलुगू दिग्दर्शक, आणि त्याच्या मधोमध आपला ‘जोगवा’वाला नट. शेजारचा माणूस ओळख ना पाळख, माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “आपला हाय!” मलाही भरून आलं, ते लपवत नाही.

मध्यंतरानंतर थिएटर बदललं. बॉबी देओल डोक्यावर ग्लास ठेवून नाचत आला तेव्हा पुन्हा शिट्ट्या. त्याची भूमिका मुक्याची, एक शब्द नाही, तरी सगळ्यात जास्त टाळ्या त्याला. पण मधले प्रसंग, नायक बायकोला तिच्या मासिक पाळीवरून बोलतो तो, आणि दुसऱ्या बाईला प्रेमाचा पुरावा म्हणून बूट चाटायला सांगतो तो, तिथं आवाज दुभंगला. पुढच्या रांगांतून हसू आलं. मागं बाल्कनीत कुणीतरी मोठ्यानं “शी!” म्हणालं. माझ्या ओळीतली एक मुलगी मघाशी ‘डॉल्बीवाल्या’ला तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत होती. आता तिनं ओढणीनं हात पुसले आणि मोबाइल काढून नुसता स्क्रीन वरखाली करत बसली. शेवटपर्यंत पुन्हा शिट्टी नाही.

बाहेर आल्यावर काम फसलं. लोकांना गाड्या काढायची घाई आणि आमचा प्रश्न ‘कसा वाटला?’. उत्तरं अशी : “नाद खुळा.” “जाळ आणि धूर.” “बेकार.” “लांबड लावलीय.” “एक नंबर.” एकेका शब्दाचे आवाज, आणि तेही बरेचसे फुटलेले. मावसबहिणीनं रेकॉर्डरची आवाजाची लेव्हल बोलण्यासाठी लावली होती, आरोळ्यांसाठी नाही. तिला मी आधीच सांगायला हवं होतं.

नीट बोलला तो एकच. उद्यमनगरात लेथवर काम करणारा, पंचविशीतला. “ताई, ती मशीनगन खरी बनवलीय, माहीत हाय? ५०० किलो पोलाद. कंप्युटरवर न्हाई केली. आमच्या हितं कुणी ऑर्डर दिली असती तर आमी दिली असती करून.” त्याच्या दोन मित्रांनी मागनं “व्हय व्हय” केलं. बाकी सिनेमा? “बाकी पण लई भारी.” आणि पळाला.

२ डिसेंबर, शनिवार

शेजारच्या पडद्याला ‘सॅम बहादुर’ लागलाय. तिथून निघालेल्या एका निवृत्त सुभेदारांनी आमचा माइक बघून विचारलं, आम्हाला का नाही विचारत? त्यांचंही घेतलं. बाकी दिवस मोकळा, मावसबहिणीची परीक्षा.

३ डिसेंबर, रविवार

आज जे सापडलं त्यासाठी हा सगळा खटाटोप होता असं वाटतंय.

दुपारच्या खेळाला जोडपी जास्त. पहिल्या तीन जोडप्यांत नवराच बोलला. बायकोकडं माइक नेला तर “ह्यांनी सांगितलं तेच” म्हणून मोकळी. चौथ्या वेळी मित्रानं नवऱ्याला संमतीचा कागद भरायला बाजूला नेलं आणि मी त्याच्या बायकोशी एकट्यानं बोललो. ‘कसा वाटला’ हे विचारलंच नाही. विचारलं, “वहिनी, आत्ता डोळ्यासमोर काय आहे?”

त्या थोडा वेळ थांबल्या. हातात पॉपकॉर्नचा रिकामा डबा होता, तो घडी घालत घालत त्यांनी पार चपटा केला. मग म्हणाल्या, “करवा चौथचा सीन. तिला कळतं आणि ती त्याला जाब विचारते. ती लई बरोबर बोलत होती. पण माझ्या शेजारचे हसले. कोण हसलं म्हणून बघितलं, तर आमचेच.” आणि लगेच, “हे घालू नका हं.” मग पार्किंगपर्यंत जाऊन परत आल्या : “घाला. आवाजावरनं कोण ओळखतंय.”

यानंतर दोनच प्रश्न ठेवले. डोळ्यासमोर काय आहे? कुणाबरोबर बघितलात? ‘आवडला की नाही’ बंद.

फरक लगेच दिसला. मित्रांबरोबर आलेल्यांच्या डोळ्यासमोर हॉटेलातली मारामारी, कुऱ्हाड, मशीनगन, शेवटी धावपट्टीवरची उघड्या अंगाची झुंज. बायकोबरोबर किंवा बहिणीबरोबर आलेला पुरुष हेच प्रसंग सांगतो, पण मधे एकदा अडखळतो. आणि बापाबरोबर आलेला एक पंचेचाळिशीचा गृहस्थ भेटला. त्यानं मारामारीचा एक शब्द काढला नाही. म्हणाला, “लहानपणी त्यो बापाची वाट बघत बसतो न्हवं, तेवढंच दिसतंय.” वडील चार पायऱ्या खाली कठड्याला धरून उभे होते. त्यांना ऐकू कमी येतं. ते हसून मान हलवत होते.

हे सगळे एकाच सिनेमाबद्दल बोलतायत. चांगला-वाईट म्हणून त्यांची मतं मांडली तर दोन गट पडतात आणि एकमेकांवर ओरडतात. पण शेजारच्या खुर्चीवर कोण होतं ते विचारलं की कळतं, प्रत्येकानं वेगळा सिनेमा बघितलाय.

८ डिसेंबर, शुक्रवार

काल राज्यसभेत खासदार रंजीत रंजन यांनी या सिनेमाबद्दल बोलताना सांगितलं की त्यांची मुलगी मैत्रिणींबरोबर बघायला गेली होती आणि रडत अर्ध्यातून उठून आली. संसदेत एका सिनेमावर बोलताना आधार कशाचा घेतला, तर मुलगी कुणाबरोबर गेली होती आणि काय झालं याचा. आमचे प्रश्न बरोबर जागी आहेत.

आज दुसरा आठवडा सुरू. हाउसफुलचा बोर्ड संध्याकाळी परत लागला होता.

१० डिसेंबर, रविवार

शेवटचं ध्वनिमुद्रण. एका मॉलमधल्या चित्रपटगृहानं आत माइक न्यायला मनाई केली, लेखी परवानगी आणा म्हणाले. ती आणायला मला चार दिवस लागले आणि कागद नेल्यावर साहेब रजेवर. मग आम्ही रस्त्यापलीकडं वडापावच्या गाड्यापाशी उभे राहिलो. ते बरंच झालं. वडा खाताना लोक फाटकापेक्षा सावकाश बोलतात, आणि मागं तेलाचा आवाज छान आलाय.

मग पेंटर काकांकडं जाऊन त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं : पोरगा बापासाठी मारतोय, काका. बापासाठीच सगळं. आणि बायका? ते म्हणाले. मी त्यांना बुटाचा प्रसंग सांगितला. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, “आमच्या वेळी असं पोस्टर रंगवायला सांगितलं असतं, तर मी बूट रंगवला असता आणि बाईचा चेहरा वर केला असता. तेवढं पेंटरच्या हातात असायचं.”

१७ डिसेंबर, रविवार

दोन दिवस जुळणी. आधी ठरवलं होतं की एक बाजूचा, एक विरुद्ध बाजूचा, असे आवाज आलटून पालटून लावायचे. ते मोडलं. टीव्हीवरच्या चर्चेसारखं ऐकू यायला लागलं होतं. आता क्रम खुर्च्यांचा : आधी मित्र-मित्र, मग जोडपी, मग मायलेकी, मग बाप-लेक, शेवटी एकटे आलेले.

माझं मतही इथं लिहून ठेवतो, कारण जुळणी करणाऱ्याचं मत कात्रीत उतरतंच. मध्यंतरापर्यंतचा सिनेमा फार कसबानं बांधलेला आहे. रणबीरचं काम मला अस्वस्थ करण्याइतकं चांगलं वाटलं. बुटाचा प्रसंग मला मान्य नाही. नायक तसाच आहे, दिग्दर्शक त्याची बाजू घेत नाही, असं मला तिघांनी समजावलं. मी तो भाग डोळ्यासमोर पुन्हा पुन्हा आणला. त्या बाईला तिथं स्वतःचं असं काहीच दिलेलं नाही, ना राग, ना शब्द. म्हणून मान्य नाही. पण ज्यांना सिनेमा मनापासून आवडला त्यांचा एकही आवाज मी या कारणानं कापलेला नाही, हे मावसबहिणीला सगळ्या क्लिपा परत ऐकायला लावून तपासून घेतलं.

७ जानेवारी २०२४, रविवार

छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जावेद अख्तर बोलले : पुरुष बाईला बूट चाटायला सांगतो असा सिनेमा तुफान चालतो, हे धोक्याचं आहे. सिनेमाच्या चमूनं त्यांना उलट उत्तर दिलं. तोवर जगभरची कमाई ९०० कोटींच्या वर गेली आहे. आमचा ध्वनिपट २३ मिनिटांवर आलाय.

२८ जानेवारी, रविवार

परवा, २६ तारखेला, सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. आज सकाळी उद्यमनगरातल्या त्या लेथवाल्याचा फोन. मला वाटलं आवाज काढून टाका म्हणतोय. “न्हाई ताई, ऱ्हाऊ दे. पण त्याच्या पुढं आणि एक लावता येतंय का?”

रेकॉर्डर घेऊन लगेच गेलो. रविवार असला तरी उद्यमनगर चालू होतं. त्यानं मशीन बंद केलं, पण शेजारच्या शेडमधलं चालूच. छाटलेल्या पोलादाचे कुरळे निळसर कीस पायाखाली. कापडी बोळ्यानं हात पुसत पुसत तो बोलला. चार मिनिटं, एका दमात. त्यातलं उतरवून ठेवतो :

“घरात लावला. आई, बहीण आणि मी. आईला म्हटलं, ती मशीनगन बघ. आईनं बघितली, छान हाय म्हणाली. मग त्यो बुटाचा सीन आला. थेटरात कधी आला, कधी गेला, कळलंबी न्हवतं, आमी हसत हुतो. घरात लई वेळ चालला त्यो सीन. बहीण उठून आत गेली. कुकर लावायचाय म्हणाली. कुकर कवाच झालता. मी रिमोट हातात धरून बसलेलो, पुढं ढकलावं का न्हाई कळंना. आई माझ्याकडं बघंना आणि मी आईकडं. मशीनगन अजून एक नंबरच हाय, ते मी बदलत न्हाई. पण हे बी लावा.”

मी विचारलं, बहीण काय म्हणाली नंतर?

“काय न्हाई. ताट वाढलं.”

संध्याकाळी क्लिप बसवली. १ डिसेंबरच्या त्याच्या आवाजाला लागूनच, मधे काही नाही. मावसबहिणीचं म्हणणं, शेजारच्या लेथची घरघर गाळून टाकू. मी ठेवायला सांगितली. ध्वनिपट आता २७ मिनिटांचा झालाय, बैठक येत्या शनिवारी. पेंटर काकांना आणायला रिक्षा सांगून ठेवली आहे, आणि लेथवाला विचारत होता की बहिणीला घेऊन आलं तर चालेल का. चालेल म्हटलं.